घरात पाणी येण्याआधी वाट बंद होते

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. आईवडील दोघेही सत्तरीच्या पुढचे. गोव्यात साखळी शहराच्या खालच्या अंगाला, वाळवंटी नदीच्या काठच्या गावात राहतात. बाबांनी १९८४ साली जुनं मातीचं घर विकत घेतलं, पुढचा भाग चिऱ्यांनी वाढवला, मागची दोन दालनं मात्र अजून मातीच्या भिंतींची आहेत. नदी घरापासून सव्वाशे मीटरवर. २०२१ च्या जुलैत पाणी अंगणात आलं आणि तुळशीच्या पहिल्या पायरीला लागून परत गेलं. यंदा चार दिवस पाऊस खळलेला नाही, नदी तांबडी होऊन दुथडी भरली आहे. बाबा म्हणतात, "चाळीस वर्षांत उंबऱ्याला पाणी लागलं नाही, आता काय लागणार?" तुम्ही मडगावला, बाबांना इन्सुलिन चालू. आणि तुमचे प्रश्न दोन: नदी इतकी लांब असताना खरंच धोका आहे का? आणि नदीच्या बाजूने चिऱ्यांची भिंत घालून अंगणात मातीचा भराव टाकला तर हा घोर कायमचा मिटेल का?

मी डिचोलीला तीस वर्षं घरबांधणीची आणि दुरुस्तीची कामं करतो. पावसाळ्याआधी घरं बघून सल्ला देणं आणि पुरानंतर पडलेल्या भिंती उभ्या करणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमचा पहिला प्रश्न आजच्या रात्रीचा आहे आणि दुसरा एप्रिल-मे महिन्याचा. दोन्ही एकत्र डोक्यात घेतले की माणूस भिंतीचा हिशोब करत बसतो आणि आजची संध्याकाळ हातची जाते. म्हणून आधी आजचं.

उत्तर आधीच देऊन टाकतो: तुमच्या जागी मी असतो तर आज उजेड आहे तोवर दोघांना वरच्या वाड्यावर नातेवाइकांकडे हलवलं असतं. का, ते सांगतो.

सव्वाशे मीटर हा आकडा सोडून द्या. नदीकाठच्या मळ्यात सव्वाशे मीटर म्हणजे काहीच नाही, कारण तिथली जमीन जवळजवळ सपाट असते. नदीने काठ सोडला की ती पसरते आणि तेवढं अंतर थोड्या वेळात कापते. उलट काठापासून वीस मीटरवर, पण चार मीटर उंच दरडीवर असलेली घरं मी पाहिली आहेत, त्यांच्या ओसरीला पाणी कधी शिवलेलं नाही. पाहायची ती उंची. आपल्याकडच्या जुन्या गावांची मांडणी बघा. वस्ती डोंगराच्या उतारावर किंवा पायथ्याला, तिच्याखाली माड-पोफळी, त्याखाली शेत, आणि शेवटी नदी. देऊळ बहुतेक ठिकाणी थोड्या उंचवट्यावर. मळ्यात घर नाही. सत्तरी तालुक्यात लोक नदीच्या पात्रालगत पुरणशेती करत आले, तीसुद्धा नदीने आणलेल्या गाळावर, पाणी येणार हे गृहीत धरून. मळ्यात घरं आली ती पुढच्या काळात, जमीन स्वस्त मिळाली आणि रस्ता जवळ आला म्हणून. तुमचं घर त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे मला इथून कळत नाही. पण २०२१ ला पाणी अंगणात आलं होतं, त्यावरून ते खालच्या बाजूला असावं असं धरून चालतो.

आता बाबांची चाळीस वर्षं. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो १९८४ ला सुरू होतो. २३ जुलै २०२१ चा हुंवार, म्हणजे पूर, आला तेव्हा १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असं खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. म्हणजे त्याआधीचा मोठा पूर बाबा त्या घरात राहायला येण्याच्या दोन वर्षं आधी होऊन गेला होता. त्या वर्षी पाणी कुठवर होतं हे बाबांना माहीत असायचं कारण नाही. वाड्यावर तेव्हाचं कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच फोन करून विचारा. विचारताना "किती पाणी होतं" असं विचारू नका. त्याचं उत्तर "खूप" असंच येतं. "कुठल्या पायरीला होतं, कुणाच्या ओसरीवर चढलं, गुरं कुठे नेली होती" असं विचारा. गुरं कुठे नेली हे म्हाताऱ्या माणसांना हमखास आठवतं, आणि ती जागा त्या गावातली खात्रीची उंच जागा असते.

पण उंचीपेक्षाही मोठी गोष्ट आहे ती वाटेची. माझं सगळं सांगणं या एका मुद्द्यावर उभं आहे. घर उंचावर बांधतात, रस्ता मात्र शेतातून जातो आणि मधे कुठेतरी व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) मोरीवर, म्हणजे खालून पाणी जाणाऱ्या छोट्या पुलावर, खाली उतरतो. पूर आला की सगळ्यांत आधी ती मोरी बुडते. तुमच्या घराचा उंबरा मोरीपेक्षा मीटरभर उंच असेल, तर पाणी उंबऱ्याला लागेल तेव्हा मोरीवर मीटरभर पाणी असेल. बाबा ओसरीवर बसून "अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत" म्हणतील तेव्हा बाहेर पडायची वाट कधीच गेलेली असेल.

२०२१ ला माझ्या ओळखीच्या एका घरात अगदी हेच झालं. ओसरी कोरडी, चुलीवर भात शिजत होता, पोरं पायऱ्या मोजत होती. रात्री वीज गेली. घरात दम्याची म्हातारी होती आणि तिचं वाफेचं यंत्र विजेवर चालणारं. दीडशे पावलांवरच्या मोरीवर कमरेच्या वर पाणी, आणि तेही ओढीचं. शेवटी अग्निशमन दलाची माणसं दोर लावून आली आणि तिला खुर्चीत बसवून बाहेर काढलं. म्हातारी वाचली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा घराला ओलसुद्धा आली नव्हती. त्या घराला पूर लागला असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं सापडणार नाही, पण ती रात्र तिथे कुणी विसरलेलं नाही. तुमच्या बाबांच्या बाबतीत दम्याच्या जागी इन्सुलिन आणि साखरेचा चढउतार ठेवा. म्हणून निघायची खूण उंबऱ्यावर कधीच धरू नये, ती मोरीवर धरावी.

ती खूण आजच्या आज कशी ठरवायची? आम्ही बांधकामावर उंची नेण्यासाठी पारदर्शक नळी वापरतो, गवंडी तिला लेव्हलपाईप म्हणतात. पंधरा-वीस मीटरची नळी पाण्याने भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक इथे आणि दुसरं तिथे धरायचं. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. या नळीने टप्प्याटप्प्याने मोरीपासून उंबऱ्यापर्यंत उंचीचा फरक एका सकाळी काढता येतो. आज पावसात ते होणार नाही. पण पूर स्वतःच एक मोठी लेव्हलपाईप असतो. २०२१ ला पाणी तुळशीच्या पहिल्या पायरीला होतं तेव्हा मोरीवर किती होतं, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं तरी पुरे. गुडघाभर होतं असं कुणी म्हणालं, तर तुळशीची पहिली पायरी मोरीपेक्षा हात-दीड हात उंच आहे असं धरा. वाहत्या पाण्याला थोडा उतार असतो, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत नाही, पण दोनशे-तीनशे मीटरच्या टप्प्यात कामापुरता बरोबर येतो.

मग अंगणाच्या नदीकडच्या टोकाला जो माड असेल त्याच्या बुंध्यावर चुन्याचे पट्टे ओढायचे, वीतभर अंतरावर एकेक. पाणी मोरीला लागतं तेव्हा माडावर कुठल्या पट्ट्याला असतं हे ठरलं की तो पट्टा म्हणजे "वाट बंद". त्याच्या खालचा पट्टा म्हणजे "निघा". अंगणातला माड मोरीपेक्षा उंचावर असेल तर त्याचा उपयोग नाही. मग शेताच्या बांधावरचा, घरातून दिसणारा एखादा माड किंवा विजेचा खांब धरा. आणि दर अर्ध्या तासाने पाणी कुठे आहे ते वहीत वेळेसकट लिहायचं. पाणी एवढं वर आहे, यापेक्षा ते अर्ध्या तासात किती चढलं हे कळणं जास्त महत्त्वाचं असतं. वीत चढायला तीन तास लागत असतील तर हातात वेळ आहे. अर्ध्या तासात वीत चढली तर सामान आवरत बसायचं नाही, आहे तसं निघायचं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून असतं. वाळवंटी लांबीने छोटी नदी. चोर्ला घाटाच्या बाजूला पाऊस कोसळला की त्याचं पाणी काही तासांत साखळीला येतं. साखळीत लख्ख ऊन असतानाही नदी चढू शकते. अंजुणे धरणाचं पाणी याच नदीत येतं. जूनमध्ये धरण रिकामं असतं, तेव्हा ते बराच पाऊस पोटात घेतं. ते भरत आलं की वरून येणारं पाणी खाली सोडावंच लागतं. तसंच मातीचं. मृगातला शंभर मिलिमीटर पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते. पुनर्वसू-पुष्यातला तेवढाच पाऊस ओल्या गच्च जमिनीवरून जसाच्या तसा व्हाळात उतरतो. त्यामुळे "परवा याहून जास्त पडला होता, काही झालं नाही" हा हिशोब चार दिवसांच्या झडीनंतर लागू पडत नाही. हवामान खातं चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला अति मुसळधार म्हणतं आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. तुम्ही पावसाचे आकडे बघताना नदीच्या वरच्या अंगाला, सत्तरी तालुक्यात किती पडतोय हे आधी बघा, पणजीचा पाऊस तुमच्या कामाचा नाही.

शिवाय तुम्ही साखळीच्या खाली आहात, म्हणून भरतीकडेही लक्ष हवं. नदी पुढे मांडवीला मिळते आणि मांडवीत भरती बरीच आतवर चढते. भरतीच्या वेळी खालचं पाणी अडतं आणि वरून येणारं साचत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्या दिवशी समुद्रकाठी पूर्ण भरती साधारण अकरा-बाराच्या सुमाराला येते, दुपारी एकदा आणि रात्री एकदा, आणि पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. तुमच्याकडे पोचायला आणखी वेळ लागतो. म्हणजे आजची तिथी पौर्णिमेच्या जवळची असेल, तर सर्वांत वाईट वेळ नेमकी मध्यरात्रीनंतरची, माणसं झोपेत असतानाची. मी उजेडात हलवा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं: हे गणित प्रत्येक नदीला जसंच्या तसं लावू नका. साळ, इब्रामपूर, हणखणे या भागात सगळा भरवसा तिळारी धरणाच्या विसर्गाच्या सूचनेवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या गावांनी ते भोगलं आहे. पारोड्याला कुशावती चढते तेव्हा रस्ताच पाण्याखाली जातो, तिथे माझा वाटेचा मुद्दा दुप्पट खरा. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या, घरांना नदीपेक्षा बांध आणि मानस (बांधातलं पाणी सोडायचं दार) सांभाळणं मोठं. मानशीची दारं ओहोटीला नीट उघडत नसतील तर साधा पाऊसही आत तुंबून राहतो. आणि काणकोणसारख्या उताराच्या भागात खुणा बघायला वेळच मिळत नाही. २ ऑक्टोबर २००९ ला, पावसाळा संपला असं लोक समजून बसले असताना तिथे काही तासांत पूर आला. तिथे फक्त आधी हलणं हाच उपाय.

आता बाबांना हलवायचं कसं? माझा अनुभव असा की म्हातारी माणसं घर सोडायला नाही म्हणतात त्याची कारणं तीनच असतात: देवाची दिवाबत्ती, गोठ्यातली गुरं आणि चोरीची भीती. "घर पडेल" असं सांगून त्यांना घाबरवू नका. ते घर त्यांनी उभं केलं आहे, त्यांना ते लागतं आणि ते हट्टाला पेटतात. त्याऐवजी तिन्हीची सोय सांगा. दिवाबत्ती कोण करणार त्याचं नाव सांगा, किंवा देव्हाऱ्यातले देव बरोबर घ्यायला सांगा. गुरं आजच वरच्या वाड्यावर न्या, आणि ते जमलं नाही तर रात्री दावी सोडून ठेवा. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं बहुतेक वेळा आपली वाट शोधतं. कागदपत्रं, दागिने, पासबुकं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. आणि बाबांकडे माडावरच्या खुणांचं काम सोपवा. उद्या सकाळी वरच्या वाड्यावरून खाली बघून पाणी कुठे आहे ते त्यांनी तुम्हाला फोनवर सांगायचं. ज्याच्याकडे काम आहे तो माणूस आपण हाकलले गेलो असं मानत नाही.

निघताना मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खिडकीच्या गजाला उभा बांधा, कारण कमी भरलेला सिलिंडर पुरात तरंगतो आणि आपटत राहतो. तांदूळ, बिछाने, इन्व्हर्टरची बॅटरी माळ्यावर. इन्सुलिन थंड पिशवीत घ्या, पण बर्फाला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. सुया आणि साखर मोजायचं यंत्र विसरू नका, ते हमखास मागे राहतं. आणि मोरीवर पाणी आलेलं दिसलं तर गाडी घालू नका, अगदी ओळखीच्या रस्त्यावरही. वाहतं पाणी वीतभर असलं तरी म्हाताऱ्या माणसाचे पाय उचलतं, दोन फूट असलं तर बहुतेक गाड्या वाहून नेतं, आणि खाली रस्ता शिल्लक आहे की खचला हे वरून दिसत नाही. वाट बंद झालेलीच असेल तर ११२ ला फोन करा. घरातली माणसं किती, आजार कोणता, आणि जवळची खूण काय, एवढं आधी सांगा.

मातीच्या दोन दालनांचं वेगळं सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या घराचा खरा धोका तिथे आहे. मातीची भिंत कोरडी असते तोवर शंभर वर्षं उभी राहते. तिच्या पायाला दोन-तीन तास पाणी उभं राहिलं की ती खालून मऊ होत जाते, वर मात्र गिलावा जसाच्या तसा दिसतो. पुष्कळ भिंती पाणी असताना पडत नाहीत, पाणी उतरल्यावर पडतात. बाहेरच्या पाण्याचा आधार जातो, भिंत आतून भिजून जड झालेली असते, आणि लोक ऊन पडलं म्हणून साफसफाईला आत शिरलेले असतात. मी अशा घरात गेलो की आधी बाहेरून भिंतीच्या तळाला, जमिनीपासून वीतभर वर, अंगठा दाबतो. अंगठा आत गेला, किंवा किल्लीने टोचल्यावर चिखल निघाला, तर त्या दालनात कुणालाही जाऊ देत नाही, मग देव्हारा तिथे असला तरी. भिंत वरून किंचित बाहेर कललेली दिसली, छपराचे वासे आणि भिंत यांच्यात बोटभर फट पडली, दार अचानक घासायला लागलं, ही सगळी तीच लक्षणं. चिऱ्यांच्या भागाला एवढी भीती नाही, पण चिरे मातीच्या चिखलात बसवलेले असतील तर सांध्यांतली माती धुऊन जाते. बाबांनी सिमेंट वापरलं होतं का ते त्यांना विचारा. आज पाणी अंगणात आलं नाही तरी चार दिवसांच्या पागोळ्यांनी मातीच्या भिंतीचा तळ भिजलेला असणार. तेव्हा आईबाबा कुठल्याही कारणाने घरातच राहिले, तर निदान झोपायला पुढच्या भागात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, भिंत आणि भराव. या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी असंच विचारलं आणि मी त्यांना अंगणात मीटरभर भराव टाकायचा सल्ला दिला. त्यांच्या घरात पुढच्या पावसात पाणी आलं नाही. ते शेजारच्या विधवा बाईंच्या घरात गेलं, जिथे आधी कधी गेलं नव्हतं. त्या अंगणातून पाणी ज्या वाटेने पसरून निघून जायचं ती वाट मी बुजवली होती. चिखलाने भरलेली त्यांची भाताची कोठी मी स्वतः रिकामी केली. त्यानंतर पूर जिथे पसरतो त्या जागेत भराव टाकायचा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही. आणि हा फक्त शेजारधर्माचा प्रश्न नाही. नगर आणि ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे सखल जमीन बुजवायला आपल्याकडे परवानगी लागते.

भिंतीचा हिशोब असा. एक मीटर उंच साठलेलं पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे पाचशे किलोने रेटतं. पाणी दोन मीटर झालं की रेटा चौपट होतो, दोन हजार किलो. नऊ इंची चिऱ्यांची कंपाउंडची भिंत या कामासाठी बांधलेली नसते. ती एकदम कोसळते, आणि मग जे पाणी हळूहळू आलं असतं ते लोंढ्याने येतं. समजा भिंत टिकली, तरी अंगणात पडणारा पाऊस आणि मागच्या उतारावरून येणारं पाणी आत कोंडलं जातं. साखळीच्या बाजाराजवळ नदीकाठाला संरक्षक भिंत आहे, तिथेसुद्धा आतलं पाणी पंपांनी उचलून नदीत टाकावं लागतं. एका घराला ते झेपणारं नाही.

मग करायचं काय? पाऊस संपला की दिवाळीनंतर लेव्हलपाईप घेऊन मोरी, अंगण, तुळस, उंबरा आणि मातीच्या दालनांची जमीन, या पाच जागांच्या उंचीचा फरक काढायचा. माझा अंदाज असा की बहुतेक पैसा मागच्या दोन दालनांवर खर्च करावा लागेल: माती काढून चिऱ्यांच्या सिमेंटमधल्या भिंती, जोतं २०२१ च्या खुणेच्या वर निदान दोन हात, खाली पाणी वाहून जायला मोकळी जागा. विजेचा मीटर आणि खालचे प्लगपॉइंट छातीच्या उंचीवर घ्यायचे, हे स्वस्तातलं काम आहे आणि ते मी सगळ्यांत आधी करतो. मागच्या उताराचं पाणी घराला वळसा घालून नेणारा चर पावसाआधी साफ ठेवायचा. मोरीची उंची वाढवायला पंचायतीत अर्ज द्या, वाड्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. त्या मोरीचा उपयोग तुम्हाला एकट्यालाच नाही, आणि एका मोठ्या नळाच्या जागी दोन चौकोनी गाळे घातले तर वरच्या बाजूला पाणी तुंबणंही कमी होतं. घराचा विमा नसेल तर भारत गृह रक्षा ही सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी पॉलिसी बघा, तिच्यात पूर धरलेला आहे. घेताना मागच्या मातीच्या भिंतींचा उल्लेख लपवू नका.

पाणी अंगणात येऊन गेलं तर विहिरीचं लक्षात ठेवा. गढूळ पाणी आधी उपसून टाकायचं, मग ब्लीचिंग पावडर. साधा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या पावडरचा. विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर असेल तर सुमारे अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम. हे नेहमीच्या स्वच्छ पाण्यासाठीचं प्रमाण. पुरानंतर आरोग्य केंद्राच्या माणसाला बोलावून पाण्यातलं क्लोरीन तपासून घ्या आणि तोवर उकळलेलंच प्या. चिखलात अनवाणी उतरू नका, बाबांना तर उतरूच देऊ नका. मधुमेहाच्या पायाला झालेली जखम आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप, दोन्ही अशाच चिखलातून येतात.

तर आत्ता, हे वाचून झाल्यावर, क्रमाने एवढंच करा. शेजाऱ्याला फोन करून मोरीवर पाणी आहे का विचारा. नसेल तर गाडीची सोय करून दोघांना वर पाठवा. तुम्ही मडगावहून स्वतः न्यायला निघू नका, तुम्ही पोचेपर्यंत काळोख होईल. गावातलाच रिक्षावाला बघा. आणि सकाळी बाबांनी माडावरची खूण सांगितली की इथे लिहा, कुठल्या पट्ट्याला पाणी होतं आणि किती वाजता. मोरीवरचं पाणीही जमलं तर लिहा. त्या दोन आकड्यांवरून तुमच्या उंबऱ्याचा हिशोब मी इथे बसून काढून देऊ शकेन.